किडलेल्या फळीची सफाई
आंब्याच्या जुन्या फळीत किडीने पाडलेली भोके थेट इपॉक्सीने (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेने) भरावीत, असा सल्ला दिला जातो. परंतु भोकांतील किडीचा भुसा काढल्याशिवाय तसे मुळीच करू नये, कारण मग इपॉक्सी भुशाला चिकटते, लाकडाला नव्हे. फळी पालथी धरून लाकडी हातोडीने ठोकावी, बारीक तारेने भोके कोरावीत आणि हवेचा झोत मारावा (मास्क हवाच). नखाने दाबताच चुरा होणारे बाहेरचे फिकट लाकूड पटाशीने तासून टाकावे. फळी फणसाची असेल, तर आतला पिवळा गाभा सहसा शाबूत सापडतो. काही दिवसांनी पिठासारखा ताजा भुसा पुन्हा पडू लागला, तर कीड जिवंत आहे असे समजून उघड्या लाकडात बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण मुरवावे आणि आपल्या कोकणातील दमट हवेत ते पूर्ण सुकेपर्यंत पॉलिशला हात लावू नये.