शेवटच्या महिन्यातला 'खालचा' मसाज: खान्देशातल्या जणींनो, तुमचे अनुभव लिहा

बाळंतपणानंतरचा शेक, मालिश, डिंकाचे लाडू याबद्दल आपल्याकडे शेजारणीसुद्धा सल्ला देतात. बाळंतपणाआधी योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागेला तेल लावून ती ताणाची सवय करायची, हे मात्र कुणी उघड बोलत नाही. साधारण ३४-३५ आठवड्यांनंतर हा मसाज करतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुणी केलाय? जमला का? टाके पडले का? नाव नको, गाव लिहा.

चाळीसगाव
डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्यांत उरकलं, बाकीचं सिस्टरकडून काढून घेतलं. नखं कापायची, हात धुवायचे, उशांना टेकून बसायचं किंवा एक पाय स्टुलावर ठेवायचा. अंगठे दीडेक इंच आत घालून खाली गुदद्वाराकडे आणि दोन्ही कडांना दाबायचं. चुरचुर व्हायला लागली की तिथेच मिनिटभर धरायचं. वर लघवीच्या जागेकडे अजिबात दाबायचं नाही. पाच-दहा मिनिटं पुरे.

सुरुवातीला अगदी नको झालं होतं. पोट एवढं पुढे, हात पोचायचा कसा? कुशीवर वळून मागून एका अंगठ्याने जमायला लागलं. पुढे चुरचुर कमी झाली. टाके पडलेच मला, पण कट (बाळ बाहेर येताना त्या जागेला देतात तो छेद) घेतला नाही, वरवरचं फाटलं होतं. खरा उपयोग झाला तो डोकं बाहेर येतानाच्या आगीला. तो ताण ओळखीचा होता, त्यामुळे अंग आकसून घेतलं नाही आणि सिस्टर 'आता जोर नको, फुंकर मार' म्हणाली तेव्हा ऐकता आलं.

धुळे, माहेरी बाळंतपण
तेलापेक्षा एकांत मिळवणं अवघड! दोन खोल्यांत आई, आजी, भाऊ, वहिनी. शेवटी बाथरूमची कडी लावायची. त्यात डिसेंबर, खोबरेल गोठलेलं, वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करायची. बाहेरून आई, "इतला येळ काय करी राहिनी?" एक दिवस सांगूनच टाकलं. आई गप्प. आजी म्हणाली, "लाजानं काय शे त्यामा?" त्यांच्या वेळी सुईण कळा सुरू असताना तेल लावायची म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तेलाची वाटी आजीच कोमट करून द्यायला लागली.

शिरपूर, नवरा लिहितोय
बायकोला वाकता येईना म्हणून मी करायचो. 'थांब' म्हटलं की थांबायचं, एवढाच नियम. सातव्या महिन्यातच माहेरी पाठवायची पद्धत या कामात आडवी येते. आमच्याकडे ती सासरीच राहिली म्हणून जमलं.

जळगाव जिल्हा, प्रसूतिगृहात नर्स
वरचे अनुभव बरोबर आहेत, पण अपेक्षा बेताची ठेवा. कॉक्रेन ही संस्था बरेच अभ्यास एकत्र तपासते, तिच्या आढाव्यात फायदा दिसतो तो मुख्यतः पहिलटकरणींना, तोही कट कमी लागण्यात. साधारण पंधरा जणींनी मसाज केला तर एकीचे टाके वाचतात. आठवड्यातून एकदोनदा पुरतो, रोज रगडून जास्त फळ मिळत नाही. आधी नॉर्मल बाळंतपण झालेल्यांचे टाके फारसे कमी होत नाहीत, पण नंतर त्या जागेचं दुखणं कमी राहिल्याचं आढळलं आहे. प्रत्येकीला सरसकट कट घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलंय. तेव्हा कटबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. मसाज करून त्या विषयावर गप्प बसणं मला तरी पटत नाही.

वार (प्लॅसेंटा) गर्भपिशवीच्या तोंडाशी, खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल, खाज किंवा जखम असेल तर हात लावू नका. साधं खोबरेल चालतं, वासाचं तेल नको. आयुर्वेदात नवव्या महिन्यात तेलाचा पिचू, म्हणजे तेलात भिजवलेला कापूस आत ठेवणं, सांगितलाय, ते वेगळं. मनाने कापूस ठेवू नका, वैद्यांना विचारा.

नंदुरबार
सगळं नियमाने केलं आणि ऐनवेळी बाळाचे ठोके कमी झाले म्हणून सिझर. सासूबाई अजून म्हणतात, तेल वाया गेलं.

भुसावळ
मी नाही केला. मे महिन्यात इथे अंगाला साडी लागू देववत नाही, तेल कुठलं? कळा देताना सिस्टरने तिथे गरम पाण्यात पिळलेल्या कापडाची घडी धरली, त्याने बरं वाटलं. थोडे टाके पडले.

रावेर
माझे ३३ आठवडे झालेत. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत वार खाली होती. आता सुरू करू का?

जळगाव जिल्हा, नर्स
आत्ता नको. पुष्कळदा वार नंतर वर सरकते, पण ते सोनोग्राफीतच कळतं. पुढची कधी आहे? ती होऊ दे, डॉक्टर हो म्हणाले की मग तेलाची वाटी काढ.