राज्यशास्त्रातील पीएच.डी.चे अर्ज: निर्णय येईपर्यंतच्या काळात काय करावे?

पंचगंगा (प्रश्न):

नमस्कार. मी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. पूर्ण केले असून डिसेंबरमध्ये अमेरिकेतील काही विद्यापीठांकडे पीएच.डी.साठी अर्ज केले आहेत. माझा विषय तौलनिक राजकारणातला (वेगवेगळ्या देशांच्या किंवा प्रदेशांच्या राजकारणाची तुलना करणाऱ्या उपशाखेतला) आहे. सहकारी साखर कारखाना विकला जाऊन खासगी मालकाकडे गेला, की त्या तालुक्यातील निवडणुकीचे राजकारण कसे बदलते, हा माझा प्रश्न.

फेब्रुवारी संपत आला आहे. काही ठिकाणांहून नकार आले, एका विद्यापीठाने प्रतीक्षायादीत ठेवल्याचे कळवले, आणि उरलेल्यांच्या पोर्टलवर ‘अर्ज विचाराधीन’ एवढीच ओळ दिसते. यांपैकी काही विभागांनी इतरांना प्रवेश दिल्याचे मला समजले आहे. मग माझ्याबाबतीतले मौन म्हणजे नकारच समजावा का? प्रतीक्षायादीवरच्या विभागाला पत्र लिहिणे योग्य ठरेल, की ते आगाऊपणाचे वाटेल? एका विद्यापीठाने पीएच.डी.ऐवजी स्वखर्चाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रस्ताव दिला आहे. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावे लागेल. वडिलांचे म्हणणे असे, की मी आता नेटच्या (विद्यापीठीय अध्यापन व संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या) तयारीला लागावे. ज्यांनी हा काळ अनुभवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सह्याद्रीपार:

मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील एका सरकारी विद्यापीठात राज्यशास्त्राची पीएच.डी. करतो आहे आणि आमच्या विभागाची प्रवेशप्रक्रिया जवळून पाहिली आहे. प्रथम मौनाविषयी. अर्ज वाचणारी समिती मोजक्या प्राध्यापकांची असते आणि तिच्यापुढे शेकडो अर्ज असतात. समितीने नावे निश्चित केली की ती विद्यापीठाच्या पदव्युत्तर कार्यालयाकडे जातात आणि अधिकृत पत्र पुष्कळदा तेथूनच निघते. ज्यांना प्रवेश द्यायचा त्यांना आधी कळवतात. नकाराची पत्रे बऱ्याचदा काही आठवड्यांनी एकगठ्ठा जातात. त्यामुळे इतरांना प्रवेश मिळाल्यावरही तुमच्या पोर्टलवर काही हलले नसेल, तर पहिल्या फेरीत तुमचे नाव नसण्याची शक्यता मोठी आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. मात्र काही विभाग प्रतीक्षायादी जाहीर न करता मनाशी ठेवतात, म्हणून लेखी नकार येईपर्यंत तो अर्ज तुम्ही स्वतःहून मागे घेऊ नका.

प्रतीक्षायादीचे गणित समजून घेतले तर मनाचा त्रास पुष्कळ कमी होतो. विभाग सर्व अर्जदारांची एकच सरळ क्रमवारी लावत नाही. अमेरिकी राजकारण, तौलनिक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धान्त आणि संशोधनपद्धती अशा उपशाखांमध्ये समतोल राखायचा असतो. मार्चमध्ये प्रवेश मिळालेल्यांना विभाग पाहायला बोलावतात, त्यानंतर ते आपापले निर्णय कळवतात, आणि तौलनिक राजकारणातील एखाद्याने नकार दिला तर ती जागा बहुधा त्याच उपशाखेतील प्रतीक्षेत असलेल्या उमेदवाराकडे जाते. तुमचा पुढचा क्रमांक दोन-तीन अनोळखी माणसांच्या निर्णयावर अवलंबून आहे, आणि ते निर्णय बऱ्याच वेळा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच होतात.

त्याला कारण 15 एप्रिल ही तारीख आहे. अमेरिकेतील पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेच्या ठरावानुसार, त्यावर सह्या केलेल्या विद्यापीठांनी आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रस्तावाला त्या तारखेपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते, आणि त्याआधी होकार दिला असला तरी 15 एप्रिलपर्यंत तो लेखी मागे घेता येतो. तुमची विद्यापीठे त्या यादीत आहेत का, हे तपासा.

पत्र अवश्य लिहा. एकच, पण नेमके. कार्यक्रमाच्या समन्वयकांना किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या संचालकांना आपले स्वारस्य कायम असल्याचे सांगा, अर्जानंतर काही नवे घडले असेल (लेख स्वीकारला जाणे, क्षेत्रकार्य पूर्ण होणे) तर ते दोन ओळींत लिहा. प्रवेश मिळाल्यास निश्चित येईन, हे वाक्य पूर्ण खरे असेल तरच लिहा, कारण समन्वयक त्यावर विसंबून पुढची आखणी करतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. 2025 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने विद्यापीठांच्या संशोधन निधीत कपात केल्यानंतर अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा घटवल्या. राज्यशास्त्राला त्या निधीतून थेट पैसा थोडाच मिळतो. परंतु विद्यार्थ्यांचे पाच वर्षांचे विद्यावेतन विद्यापीठाच्या सामाईक तिजोरीतून जात असल्याने झळ इथेही पोहोचली. नकाराचा अर्थ लावताना हे लक्षात घेतले नाही तर तुम्ही स्वतःवर अन्याय कराल.

खडू-फळा:

मी राज्यशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे आणि अनेक विद्यार्थ्यांसाठी शिफारसपत्रे लिहिली आहेत. वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त स्वखर्चाच्या अभ्यासक्रमाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण कर्जाचा निर्णय एकदा घेतला की दशकभर पाठ सोडत नाही.

अमेरिकेतील चांगली पीएच.डी. सहसा शिक्षणशुल्काची माफी, विद्यावेतन आणि आरोग्यविमा यांसह मिळते, आणि त्याबदल्यात काही सत्रे साहाय्यक म्हणून शिकवावे लागते. पीएच.डी.ला नाकारलेल्या अर्जदारांना पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळवण्याची पद्धत काही मोठ्या विद्यापीठांत आहे; शिकागो विद्यापीठातील सामाजिक शास्त्रांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यासाठी सुपरिचित आहे. तेथे शिकून पुढे उत्तम ठिकाणी गेलेले विद्यार्थी आहेत, हे खरे. पण वर्षाचा हिशेब पाहा. सप्टेंबरच्या अखेरीस वर्ग सुरू होतात आणि पीएच.डी.चे अर्ज डिसेंबरात जातात. म्हणजे त्याच वर्षी पुन्हा अर्ज करायचा, तर नवीन प्राध्यापकांना तुमची ओळख व्हायला जेमतेम एक सत्र मिळते. शुल्कातील मोठा भाग माफ होत नसेल, तर केवळ अर्ज भक्कम करण्यासाठी असे कर्ज काढू नये, असे माझे ठाम मत आहे.

आपला प्रश्न मला मनापासून आवडला. लोणीजवळ प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी कारखाना उभा राहिला, त्यानंतर ऊस, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था आणि विधानसभेची उमेदवारी ही एकाच सत्तेची अंगे कशी झाली, याचे वर्णन मराठीत आणि इंग्रजीत विपुल आहे. कारखाना हातातून गेल्यावर ती सत्ता कोठे सरकते, याचे तालुकावार, निवडणूकनिहाय पुरावे मात्र अजून पुष्कळ गोळा करायचे आहेत. ज्या प्राध्यापकाने महाराष्ट्राचे नाव फक्त नकाशावर पाहिले आहे, त्यालाही हे प्रकरण त्याच्या देशातील संरक्षक-आश्रित राजकारणाविषयी (मदतीच्या बदल्यात मते व निष्ठा मिळवण्याच्या राजकारणाविषयी) काही सांगते आहे, असे स्टेटमेंटच्या, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्राच्या, पहिल्या परिच्छेदातच जाणवले पाहिजे. मला दिसलेल्या कितीतरी अर्जांत हे चौथ्या पानावर येते. पुन्हा अर्ज करायची वेळ आलीच, तर तेथून सुरुवात करावी. आणि या दोन महिन्यांत पोर्टल उघडत बसण्यापेक्षा साखर आयुक्तालयाचे अहवाल आणि निवडणूक आयोगाची मतदान केंद्रनिहाय आकडेवारी जुळवायला घ्यावी. ती प्रवेश कोठेही मिळाला तरी लागणारच आहे.

दख्खनी:

मी अमेरिकेतील प्रवेश न मिळाल्यावर भारतातील एका केंद्रीय विद्यापीठात पीएच.डी.ला लागले, म्हणून वडिलांच्या सूचनेविषयी लिहिते. ती सूचना चांगली आहे, आणि तिच्याकडे पराभव म्हणून पाहू नका.

2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरले जातात. उत्तीर्णांचे तीन गट असतात: पहिला जेआरएफसह (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसह) पात्र, दुसरा सहायक प्राध्यापकपदासाठी व पीएच.डी.साठी पात्र, आणि तिसरा केवळ पीएच.डी.साठी पात्र. दुसऱ्या व तिसऱ्या गटासाठी नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, आणि ते गुण वर्षभरच ग्राह्य धरले जातात. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे मिळते. जूनच्या परीक्षेचे अर्ज साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत भरले जातात, म्हणजे 15 एप्रिलच्या निर्णयाशी त्याचा संघर्ष होत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा: जून 2024 ची परीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द करून पुढे घ्यावी लागली. त्यामुळे एकाच परीक्षेवर वर्षाचा सगळा भार टाकू नका. विद्यापीठांच्या स्वतंत्र जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

इंग्लंडचा विचार करत असाल तर तेथे प्रवेश आणि शिष्यवृत्ती हे पुष्कळदा दोन वेगळे निर्णय असतात. अनुसूचित जातींसारख्या वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. परंतु 2022 मध्ये तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास वगळण्यात आले. महाराष्ट्रावर काम करू इच्छिणाऱ्या, हक्काने तेथे पोहोचू शकणाऱ्या मुलामुलींच्या वाटेत ही अट उभी राहते, याचे मला आजही वाईट वाटते. अर्जापूर्वी त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती वेगळी आहे; तिचीही चौकशी करावी.

पंचगंगा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्वखर्चाचा प्रस्ताव नाकारायचे मी ठरवले आहे आणि प्रतीक्षायादीवरच्या विभागाला आज पत्र लिहीत आहे. एक शंका उरते. त्यांनी अगदी 14 एप्रिलला होकार कळवला, तर इतक्या कमी वेळात मी काय तपासावे?

सह्याद्रीपार:

चार गोष्टी लेखी मागा: विद्यावेतन किती वर्षांचे, ते नऊ महिन्यांचे की बाराही महिन्यांचे, विद्यापीठाची इतर शुल्के कोण भरणार, आणि पहिल्या वर्षी शिकवावे लागेल का. नऊ महिन्यांचे विद्यावेतन असेल तर उन्हाळ्यातील क्षेत्रकार्याचा आणि भाड्याचा प्रश्न दरवर्षी उभा राहतो, म्हणून आकडा त्या शहराच्या घरभाड्याशी ताडून पाहा. उशिरा आलेल्या प्रस्तावावर विचारासाठी दोन-चार दिवस मागितले तर बहुतेक विभाग देतात. तेथे दक्षिण आशियावर काम करणारे प्राध्यापक पुढील वर्षांत रजेवर किंवा निवृत्त होणार आहेत का, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना फोनवर विचारा. ते मोकळेपणाने सांगतात. होकार दिल्यावर आय-ट्वेंटीसाठीची (विद्यार्थी व्हिसाकरता विद्यापीठ देते त्या प्रमाणपत्रासाठीची) कागदपत्रे त्याच आठवड्यात पाठवा, कारण 2025 मध्ये मेअखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींची नोंदणी तीन आठवडे थांबवली गेली होती, आणि ज्यांनी त्याआधी मुंबईची तारीख घेतली होती ते वेळेवर पोहोचले.