नागपूर: बेसा ते बर्डी (सीताबर्डी), संध्याकाळी मानेवाडा चौकात रोजचा जाम, उपाय सांगा

बेसाकर:
नमस्कार मंडळी, ऑफिस बर्डीले अन् घर बेसाले. सकाळी कसंतरी निघून जाते पण संध्याकाळी मेडिकल चौक, मग तुकडोजी पुतळा आणि मानेवाडा चौकात त पूर्णच अडकून जातो. रिंग रोड एवढा रुंद, सिग्नल आहे, तरी काहून होऊन राहिलं असं? हिरवा लागते पण समोर जागाच नसते. रस्ता बदलू का मेट्रो धरू?

मेडिकलजवळचा:
भाऊ, जागा नसते कारण चौक आधीच भरलेला असते. पिवळा दिसला की आपले लोक स्पीड वाढवतात, पुढे गाड्या उभ्या आहेत हे दिसत असूनही घुसतात, चौकाच्या मधातच अडकतात, तोवर आडवा सिग्नल सुटते अन् त्याइले निघाले वाट नाही, मग तेही घुसतात. पिवळा म्हणजे स्टॉप लाइनच्या अलीकडे असाल तर थांबा, एवढंच आहे ते. मेडिकलकडे येणारी अँब्युलन्स सायरन वाजवत त्याच्यातच उभी असते, लय वाईट वाटते पाहून. पलीकडे जागा दिसल्याशिवाय लाइन सोडू नका, मागचा कितीबी हॉर्न मारो.

वर्धा रोडवाला:
पटलं, पण सगळं चालवणाऱ्यावर नका टाकू राजेहो. डिव्हायडरमधून वळायचा कट दूर ठेवला की लोक राँग साइड येतात, चुकीचंच आहे ते, पण कट कुठं द्यावा हे तं कोणीतरी ठरवते ना? वर्धा रोडवर 3.14 किलोमीटरचा डबल डेकर झाला, सर्वात वर मेट्रो, मधात गाड्या, सरळ जाणाऱ्याचं भलं झालं. ज्याले खाली वळायचं आहे तो मात्र सिग्नलवरच. मानेवाड्याले पूल मागणाऱ्यांनी हे पाहावं, पूल तुम्हाला पुढच्या चौकापर्यंत लवकर नेते, तो चौक काही मोकळा करत नाही.

मनीष नगरची ताई:
दादा, मेट्रोच्या दोन्ही लाइन बर्डीले भेटतात पण मानेवाड्याकडून एकही जात नाही. बेसावरून मनीष नगरला या, तिथून उज्ज्वल नगर किंवा जयप्रकाश नगर स्टेशन, मग सरळ सीताबर्डी. स्टेशनपाशी गाडी ठेवायची सोय तेवढी आधी पाहून घ्या. आमच्या इकडच्या बायकांना खरा त्रास स्टेशन ते घराचाच आहे, रात्री ऑटोवाला म्हणेल तो भाव. त्या टप्प्याले बस लावा हे सगळ्यांनी मिळून मागायला पाहिजे.

बेसाकर:
धन्यवाद ताई, सोमवारपासून हेच करतो. पाऊस असला की गाडीनं यायचं जीवावर येते तसंही.

मेडिकलजवळचा:
डिसेंबरात तं मेट्रोच धरा. हिवाळी अधिवेशन लागलं की मोर्चे अन् बॅरिकेड, झिरो माइलकडून बर्डीले गाडी आणायचं नावच नका घेऊ.