पडदा काळा होऊ नये: सांगायचं एक्स सर्व्हरला की सेशनला?

सावदेकर: सावद्याला केळीच्या वखारीत जुना पीसी आहे, त्यावर डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप. भरायच्या गाड्यांचे नंबर त्यावर दिसतात. दर १० मिनिटांनी पडदा काळा, की ड्रायव्हर मुनीमजींच्या डोक्यावर! पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्स सर्व्हरची ही मूळचीच सवय. माझं मत, ती मोडायचं लाइटडीएमच्याच (एक्स सुरू करून लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगमध्ये लिहावं. 'सीट' या भागाखाली: एक्ससर्व्हर-कमांड=एक्स -एस ० -डीपीएमएस. '-एस ०' म्हणजे पडदा काळा करणं बंद, '-डीपीएमएस' म्हणजे मॉनिटर झोपवणारी वीजबचत बंद. ऑटोस्टार्टमध्ये, म्हणजे लॉगिननंतरच्या सेशनमध्ये, एक्ससेट ही कमांड टाकणारे लॉगिनचा पडदा विसरतात. पहाटे लाईट जाऊन आली की मशीन तिथंच तर अडून बसतं.

धुळ्याचा टर्मिनलवाला: भो, तुमनं म्हननं अर्धं खरं शे. लॉगिन झालं की एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर उठतो आणि डीपीएमएस आपल्या मर्जीनं परत चालू करतो. मग सर्व्हरला सांगून काय उपयोग? शिवाय त्या ओळीत एक अक्षर चुकलं तर एक्सच उठणार नाही. मुनीमजी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर फाइल दुरुस्त करतील का? सेशनमध्ये चुकलं तर फार तर पडदा काळा होईल, तो तर आत्ताही होतोय.

सावदेकर: पॉवर मॅनेजरमधली डिस्प्लेची टिक आधीच काढली होती, लिहायचं राहिलं. आणि मूळ फाइलला हात लावतंय कोण? लाइटडीएम.कॉन्फ.डी फोल्डरात वेगळी छोटी फाइल ठेवलीय. बिघडलं तर तेवढीच उडवायची. मुनीमजींचं म्हणाल तर तेव्हा मलाच पळत जावं लागेल, हे खरं.

नंदुरबारची मास्तरीण: १९८४ साली एमआयटीत जन्मलेल्या एक्सची एवढी सेवा कशाला? एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर खिडक्या जुळवून दाखवणारा कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर, हे '-एस' तिथं चालतच नाही. आमच्या लॅबमध्ये ग्नोम डेस्कटॉप आहे. सेटिंग्जमध्ये पॉवर, तिथं स्क्रीन ब्लँक 'नेव्हर'. संपलं.

सावदेकर: ताई, २ जीबी रॅमवर ग्नोम चालवून दाखवा, केळीचा घड माझ्याकडून.

धुळ्याचा टर्मिनलवाला: घड मलाच द्या. सावदेकर भाऊ, तुमची ती फाइल पाठवा, एकदा करून पाहतो. पण नवख्यांसाठी एक लिहून ठेवा: सर्व्हरचं '-एस' मिनिटांत मोजतं, 'एक्ससेट एस' सेकंदांत. मी १० मिनिटं समजून एक्ससेटला १० दिलं होतं. माउस सोडला की पडदा गुडूप, अर्धा तास केबल बदलत बसलो.