४२ अंशांत जुनी गाडी: रोज चालवणाऱ्यांनी अनुभव सांगा

बाबांची अँबॅसिडर आता माझ्याकडे आली आहे. मार्क ४, १९८६ ची, पेट्रोल. डोळ्यांमुळे बाबांचं गाडी चालवणं बंद झालं. विकायचा विषय काढला की ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहतात, म्हणून म्हटलं, मीच चालवते. घर इंदूरच्या अन्नपूर्णा रोडला, ऑफिस विजयनगरला. फेब्रुवारी-मार्च मजेत गेले. मे लागला आणि सियागंजात पाच मिनिटांसाठी बंद केलेली गाडी पाऊण तास लागलीच नाही. मागे लोडिंग रिक्षांची रांग, पुढे आडवी हातगाडी, आणि जो तो खिडकीत वाकून सल्ला देतोय. 'मॅडम, बेच दो' हा सल्ला तीन वेळा आला.

म्हणून हा धागा. अट एकच, गाडी रोजची हवी. रॅलीपुरती बाहेर काढणाऱ्यांनी कृपया वाचकांत बसावं. होळकर महाराजांच्या केशरी-काळ्या ड्यूसेनबर्गचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत, ती दुपारी दोन वाजता भाजी आणायला जात नव्हती. नावं नकोत, गाडी आणि मोहल्ला लिहा.

पद्मिनी १९८४, रामबाग

ताई, तुमची गाडी उन्हानं नाही, थांबल्यानं बंद पडली. हे एवढं कळायला मला सतरा वर्षांतली पहिली चार लागली.

गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा असतो, पंखा फिरत असतो, पाणी फिरत असतं, आणि टाकीतून गार पेट्रोल सतत पुढे येत असतं. किल्ली फिरवली की हे सगळं एकदम थांबतं, पण इंजिनाचं लोखंड तापलेलंच असतं. ती उष्णता जाणार कुठे? पहिली दहा-पंधरा मिनिटं बोनेटखालचं तापमान उतरत नाही, चढतं. पद्मिनीचा पेट्रोल पंप थेट इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला. त्यातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाचा पडदा वाफ दाबत बसतो. आमचा मिस्त्री म्हणतो, 'पंप ने एयर पकड़ ली भिया.' एअर नसते ती, पेट्रोलचीच वाफ असते, पण त्याचं बोट बरोबर जागेवर असतं.

मी पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर लावला आहे, अगदी स्वस्तातला. तापलेल्या गाडीचं बोनेट उघडून बघा, आत पेट्रोल स्थिर नसतं. बारीक बुडबुडे नळीच्या तोंडाशी जमतात, एकमेकांत मिसळतात आणि वरचा अर्धा भाग रिकामा होतो. ओलं फडकं पंपावर पिळून टाकलं की मिनिटभरात तो रिकामा भाग खालून भरत येताना दिसतो. भरला की सेल्फ मारायचा, आधी नाही. उगाच बॅटरी उतरते.

फडकं हा प्रथमोपचार झाला. खरा इलाज म्हणजे पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये असते ती उष्णता अडवणारी जाड चकती. माझ्या गाडीत कोणीतरी ती काढून नुसतं कागदी गॅस्केट लावून ठेवलं होतं. पुन्हा बसवताना जाडी मूळचीच ठेवा. जास्त जाड लावली तर पंपाच्या दांड्याला पुरेशी हालचाल मिळत नाही, आणि पेट्रोल थंडीतसुद्धा कमी पडतं. मी हेही करून बसलोय. आणि बाजारात थांबाल तेव्हा बोनेट उघडं ठेवून जा. लोकांना वाटतं गाडी बिघडली आहे. वाटू द्या.

अँबॅसिडर, छावणी

वरच्या काकांचं म्हणणं पटतं, पण प्रत्येक वेळी पंपच नसतो. मी एक अख्खा उन्हाळा पंपाला पट्ट्या बांधल्या, तापातल्या पोराला बांधतात तशा. वीस मिनिटांनी गाडी चालू व्हायची आणि मी खूश, पट्टीचा गुण आला म्हणून. पुढे एकदा पलासियाच्या सिग्नलला चालती गाडी बंद पडली तेव्हा फडकं नव्हतं, पाणीही नव्हतं. वीस मिनिटांनी आपोआप लागली. म्हणजे पट्टीचा संबंधच नव्हता!

निघाली कॉइल, प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी. तापली की आतून दगा द्यायची, थंड झाली की साळसूद. ठिणगीच्याच साखळीतला कंडेन्सरही अगदी असाच वागतो. म्हणून गाडी बंद पडेल तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत, ती तापलेली असतानाच, दोन गोष्टी बघा. प्लगची वायर काढून ठिणगी निळी आणि जोरदार पडते का. आणि कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून, तोंड डबीत धरून, सेल्फवर पेट्रोल येतं का. दोन्ही एकाच वेळी करू नका हो! आधी ठिणगी, मग नळी, आणि नळी सोडाल तेव्हा कॉइलची वायर काढून ठेवा. उत्तर तिथल्या तिथे मिळतं. मिस्त्री येईपर्यंत गाडी थंड होते आणि तो म्हणतो, 'सब ठीक तो है.'

मारुती ८००, १९८५, सुदामानगर

माझी जुनी धरणार का?

पद्मिनी १९८४, रामबाग

धरतो. एसी लावला असेल तर नाही.

अँबॅसिडर, स्नेहलतागंज

पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या घरी दोन नळ आहेत, एक नर्मदेचा आणि एक बोअरिंगचा. सासरे गाडीत नेहमी बोअरिंगचंच घालायचे. नर्मदेचं एक दिवसाआड येतं, ते पिण्यासाठी, असा हिशेब. बोअरिंगच्या पाण्यानं आमच्या गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते, मग रेडिएटरचं काय होत असेल? गाडी उकळायला लागली तेव्हा एका मिस्त्रीनं थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून फेकला आणि 'अब कभी गरम नहीं होगी' म्हणाला. उन्हाळा कसाबसा निघाला. डिसेंबरात सकाळी ८-९ अंशांत इंजिन तापेचना, चोक ओढून शाळेपर्यंत धूर काढत जायचं, आणि पेट्रोल पाण्यासारखं. पुढच्या एप्रिलात पुन्हा उकळलीच.

शेवटी लोहा मंडीकडच्या रेडिएटरवाल्यानं वरची-खालची टाकी झाळलेला डाग काढून उघडली, नळ्यांतून पातळ सळई फिरवली. बाहेर आलेला गाळ मी वर्तमानपत्रावर घेतला. वाटीभर होता, विटकरी, वाळल्यावर चुन्यासारखा टणक. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, आणि थर्मोस्टॅट परत जागेवर.

रेडिएटरचं झाकणही बदला. झाकणाची रबरी वाटी गेली असेल तर दाब धरत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे उघडं पाणी इथे ९८ च्या आसपासच उकळतं. प्रत्येक पौंड दाबानं दीडेक अंश वर जातं. म्हणजे फाटक्या झाकणापायी आपण आठ-दहा अंश फुकट घालवतो. (मी फिजिक्स शिकवते, एवढं चालवून घ्या.)

जीप, लष्कर, ग्वाल्हेर

इंदूरकरांनी उन्हाबद्दल बोलावं म्हणजे कमाल आहे. तुमच्याकडे रात्री चादर लागते. इथे जूनमध्ये ४५ ला स्टिअरिंग धरायला हातमोजे घालतो. बाकी गाडीला काही होत नाही, जीपला बोनेटखाली एवढी जागा आहे की मांजर पिल्लं घालते. खरंच घातली होती.

फियाट, नवी पेठ

मी गाडी चालवत नाही, पण पन्नास वर्षं त्यात बसते आहे, तर माझंही ऐका. सगळे इंजिनाचंच बोलताय, आत बसणाऱ्या माणसाचं कोणी विचारत नाही.

रेक्झिनच्या सीटवर मेमध्ये दुपारी बसणं म्हणजे तव्यावर बसणं. आमच्या ह्यांनी एकदा हौसेनं चॉकलेटी रेक्झिन घातलं. मी आठ दिवसांत गादीच्या कापडाच्या खोळी शिवल्या, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांच्या. त्या अजून आहेत, म्हणजे त्यांच्या नाती आहेत. पुढच्या दाराची ती तिकोनी काच असते ना, ती पूर्ण उलटी फिरवली की वारा थेट छातीवर येतो. नव्या गाड्यांत ती काच काढून टाकली, का ते देव जाणे. ओला पंचा मानेवर, आणि पाण्याची छागळ बाहेर आरशाला बांधलेली. ते पाणी आम्ही प्यायचो आणि वेळ आली तर गाडीही प्यायची.

आणि वेळ पाळायची. मेमध्ये आमची गाडी सकाळी साडेदहापर्यंत आणि मग एकदम सहानंतर. मधल्या वेळात ती पण झोपते, आम्ही पण. माळव्याची रात्र उगाच नावाजलेली नाही. सराफ्यात खायला रात्री अकराला जा, गाडी कशी शीळ घालत चालते बघा.

अँबॅसिडर ताई, अन्नपूर्णा रोड (धागा मीच काढला)

काकू, खोळीचं माप द्याल का? आणि सहानंतर निघायचं तर माझं ऑफिस कोण करणार?

हेराल्ड १९६७, मनोरमागंज

स्टँडर्ड हेराल्ड, ९४८ सीसी, मद्रासची. अख्खं बोनेट पुढे उलटतं, त्यामुळे चाकावर बसून इंजिनाशी गप्पा मारता येतात. तापण्याची तक्रार नाही. माझं दुखणं कागदांचं आणि पेट्रोलचं आहे.

कागद आधी. २०२१ च्या जुलैत केंद्राचे व्हिंटेजचे नियम आले. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी असेल तर 'व्हीए' असलेली खास नंबरप्लेट, पहिल्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षं चालते. मित्रांनी पेढे मागितले. मी नियम पुढे वाचला. त्या प्लेटवर गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे मान मिळतो आणि पाय जातात. मी साधी नोंदणीच ठेवली, दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नूतनीकरण. त्याची फी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,०००. गाडी माझ्या आजोबांनी किती रुपयांत घेतली होती ते इथे लिहीत नाही, हसाल. दिल्लीचा पंधरा वर्षांचा नियम आपल्याकडे नाही, त्यामुळे ती भीती घालणाऱ्या एजंटांना चहा पाजून परत पाठवा.

आता पेट्रोल. २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं तेव्हा वडिलांनी हेड उतरवून व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या करून घेतल्या, तो प्रश्न संपला. आता २० टक्के इथेनॉल. माझ्या जुन्या रबरी नळ्या आतून फुगल्या, बोटानं दाबलं तर चिकट लागायच्या, आणि रबराचे काळे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, पंपाचा पडदा बदलला. आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालवणाऱ्याला हा त्रास कमी. एरवी लोक म्हणतात, रोज चालवून गाडी खराब करतोस. माझा अनुभव उलटा आहे.

अँबॅसिडर डिझेल, महू नाका

भेरूघाट उतरताना ब्रेकचं पायडल एकदा जमिनीला टेकलंय माझं. चारी चाकांना ड्रम, मे महिना, गाडीत सहा माणसं ओंकारेश्वरला निघालेली, आणि मी टॉप गिअरमध्ये ब्रेक दाबत दाबत उतरत होतो. ब्रेक ऑइल चार वर्षांचं. ते पाणी शोषतं आणि तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते, पेट्रोलवाल्यांचंच दुखणं दुसऱ्या नळीत. हँडब्रेक आणि पहिला गिअर घालून, बाजूच्या दगडाला चाक घासत थांबलो. बायको त्यानंतर दोन वर्षं त्या गाडीत बसली नाही. आता दर दोन वर्षांनी ऑइल बदलतो, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरतो.

पूर्वी पद्मिनी, आता नाही, टिळकनगर

मी विकली. खोटं कशाला बोलू. इंजिन ठणठणीत होतं. आईचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोन दिवस, दुपारी बाराची वेळ. बिनाएसीच्या गाडीत तिला परत आणताना तिचा चेहरा बघितला आणि त्याच महिन्यात सौदा केला. घेणारा धारचा आहे. दिवाळीला फोटो पाठवतो. गाडीचा, त्याचा नाही.

अँबॅसिडर ताई, अन्नपूर्णा रोड

सगळ्यांचे आभार मानायच्या आधी हकिगत.

छावणीच्या काकांनी सांगितलं तसं केलं. गाडी तापवून आणली, पोर्चमध्ये बंद केली, दहा मिनिटं थांबले. बाबा खुर्ची टाकून शेजारी, दिसत नसलं तरी हुकूम चालू. ठिणगी छान निळी. नळी सोडली, डबीत पेट्रोल नाही, नुसतं फुसफुस. मग मिस्त्रीला बोलावून गाडी वर घेतली. टाकीकडून येणारी नळी एका जागी सायलेन्सरच्या पाइपाला बोटभर अंतरावर. कधीतरी कोणीतरी तुकडा जोडताना मूळ क्लिपा सोडून सोयीच्या वाटेनं आणली होती. नळी मूळ वाटेवर परत गेली, रबराचे तुकडे नवे पडले, रेडिएटरचं झाकण नवं. एकूण खर्च अठराशे, त्यात मिस्त्रीच्या दोन लस्सी.

आज मुद्दाम दुपारी दोन वाजता सियागंजात गेले. त्याच जागी बंद केली, समोरच्या हातगाडीवर उसाचा रस घेतला, वीस मिनिटं उभी राहिले. दुसऱ्या सेल्फला लागली. तिथूनच बाबांना फोन केला.

म्हणाले, 'बोनेट उघडून ठेवलं होतंस का?'