सणासुदीची गडबड आणि व्यायाम : तुमचे अनुभव लिहा

सुट्ट्या आणि सणवार आले की पाहुणे, खरेदी, प्रवास, जागरणं यांची झुंबड उडते आणि सगळ्यात आधी काट बसते ती व्यायामाला. या दिवसांत तुम्ही काय करता, कोणती युक्ती चालली, कोणती फसली, ते मोकळेपणाने लिहा. 'वेळ काढला की मिळतो' छापाचे उपदेश नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत.

सुरुवात माझ्यापासून. या काळात मी प्रगतीचा नाद सोडते. व्यायामाचे दिवस निम्मे करते, संचही (सेट) कमी, पण उचलायचं वजन तेवढंच ठेवते. कमावलेली ताकद टिकवायला ती कमावताना लागली त्याहून बरीच कमी मेहनत पुरते, फक्त ओझं हलकं करायचं नाही. बरेच जण नेमकं उलटं करतात: हलकी वजनं घेऊन रोज उगाच खेळत बसतात.

---

आमच्याकडे घर इतकं भरतं की चटई पसरायला जागा मिळत नाही. आणि यजमानीण बूट घालून बाहेर पडली की "आत्ता कुठे चाललीस?" हे ठरलेलं. म्हणून मी पाहुण्यांनाच घेऊन जाते, जेवण झाल्या झाल्या. मला मधुमेह आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि ती फार उसळत नाही, हे माझ्या ग्लुकोमीटरवर मला दिसतं. शतपावली म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही, 'व्यायाम' म्हटलं की सगळ्यांचे गुडघे दुखतात! चालीचा अंदाज सोपा आहे: गप्पा मारता याव्यात, गाणं म्हणता येऊ नये. नणंद-भावजयांच्या अर्ध्या गोष्टी तिथेच मार्गी लागतात, हा वरचा नफा.

---

सुट्ट्या तुमच्या, आमची तेव्हाच ड्यूटी. रुग्णालयात सलग अर्धा तास मिळणं अशक्य, त्यामुळे जिने. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी केलेलं धरत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती अट काढली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, तो तुकड्यांत केला तरी चालतो. मला या एका बदलाने फार हायसं वाटलं.

---

प्रवासात दोरीच्या उड्या आणि जोर-बैठका. बॅगेत दोरीला जागा लागत नाही. बस.

---

मी विरोधी सूर लावतो. मी धावतो आणि सणाचा आठवडा सरळ बंद ठेवतो. आठवड्याभराने काही बिघडत नाही. विश्रांती लांबून दोन-तीन आठवड्यांवर गेली की मात्र दम कमी झालेला जाणवतो, ताकद त्यापेक्षा उशिरा उतरते. म्हणून मी परतायची तारीख आधीच ठरवून ठेवतो, आणि मधल्या काळात अपराधी चेहरा करून फिरत नाही.

---

एक प्रश्न: रात्री दोनपर्यंत जागरण झालं, तर पहाटेचा व्यायाम करावा की झोपावं?

---

झोपा. अर्धवट झोपेत जड वजन उचलण्यात काही शौर्य नाही. संध्याकाळी जमलं तर करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

---

वरच्या धावपटूंना अनुमोदन, पण बैठका मारणाऱ्यांना एक सूचना. खंडानंतर पहिल्या दिवशी निम्मेच संच करा. त्या दिवशी एकदम मस्त वाटतं, म्हणून फसायला होतं. मांड्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं, तेही जिना चढताना नाही, उतरताना.