सालामांकातील एक सत्र: राहावे कुठे, आणि अर्ध्याकच्च्या स्पॅनिशवर निभावेल का?

मुळाकाठची:

नमस्कार. मी पुण्यात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या महाविद्यालयाच्या आदानप्रदान योजनेतून जानेवारीअखेरीस स्पेनमधील सालामांका विद्यापीठात एका सत्रासाठी जाण्याची संधी मला मिळाली आहे. स्पॅनिशचा ए-२ (प्राथमिक) स्तर मी पूर्ण केला आहे, त्यापुढचा बी-१ (मध्यम) निम्मा झाला आहे. तिथे प्रत्येकी सहा श्रेयांकांचे पाच विषय घ्यायचे असून त्यांपैकी तीन स्पॅनिशमधून शिकवले जातात.

माझी अडचण राहण्याच्या जागेची आहे. एक पर्याय स्थानिक कुटुंबात जेवणासह राहण्याचा, आणि दुसरा आमच्याच महाविद्यालयातून येणाऱ्या दोन मैत्रिणींबरोबर घर भाड्याने घेण्याचा. आईबाबांचा कल अर्थातच दुसऱ्या पर्यायाकडे आहे. मी शाकाहारी आहे, अंडे चालते. परक्या घरात पाच महिने काढणे जमेल का, आणि वर्गात शिक्षकांचे बोलणे समजले नाही तर काय करायचे, या दोन प्रश्नांनी झोप उडाली आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदातीर:

मी गेली बारा वर्षे स्पॅनिश शिकवते, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. आपल्याकडचे विद्यार्थी स्पॅनिश शिकताना मनातल्या मनात इंग्रजीतून भाषांतर करतात आणि तिथेच अडखळतात. मराठीतून विचार केला, तर निम्मे व्याकरण आपल्या घरचेच आहे असे लक्षात येते. ‘मे गुस्ता एल काफे’ या वाक्याने इंग्रजी भाषक गोंधळतो, कारण त्यात आवडणारी वस्तू कर्ता असते आणि ज्याला ती आवडते तो ‘मला’ होऊन बसतो. पण आपण जन्मभर ‘मला कॉफी आवडते’ असेच म्हणत आलो आहोत. सजीव कर्माआधी येणारा ‘आ’ हा आपला ‘ला’ आहे: आपण ‘घर पाहतो’ पण ‘मारियाला पाहतो’, आणि स्पॅनिश माणूसही हाच भेद करतो. ‘से मे कायो एल बासो’ म्हणजे ‘माझ्या हातून पेला पडला’, म्हणजे पेला पडला खरा, पण मी तो पाडला नाही, ही सोय दोन्ही भाषांत आहे. ज्या सब्जंक्टिव्हला, म्हणजे इच्छा किंवा शंका दाखवणाऱ्या क्रियारूपाला, सगळे घाबरतात, त्यातील ‘किएरो के बेंगास’ हे वाक्य ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातल्या ‘यावेस’च्या जवळ ठेवून पाहा. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या ‘असणे’ अर्थाच्या दोन क्रियापदांच्या बाबतीत मात्र मराठी मदतीला येत नाही, कारण आपल्या ‘आहे’मध्ये दोन्ही मिसळले आहेत, तो भेद घोटूनच घ्यावा लागतो.

उच्चारांतही हेच. स्पॅनिश ‘त’ हा आपला दंत्य ‘त’ आहे, ‘ट’ नव्हे. इंग्रजीच्या सवयीने ‘टोमाटे’ म्हणणारे मराठी विद्यार्थी ऐकले की मला हळहळ वाटते. सालामांकात ‘ग्रासिआस’ (धन्यवाद) याऐवजी ‘ग्राथिआस’ असे, जिभेचे टोक दातांमध्ये आणून केलेले उच्चार कानी पडतील. दोन आठवड्यांत कान सरावतो.

आणि जाता जाता: अंतोनियो दे नेब्रिहा यांचे कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचे व्याकरण १४९२ मध्ये सालामांकातच छापले गेले. व्याकरणाला घाबरण्यासाठी याहून योग्य गाव सापडणार नाही.

खानदेशी_प्रवासी:

मी २०२३ मध्ये याच गावात एक सत्र एका कुटुंबात राहिलो, म्हणून माझे मत स्पष्टपणे कुटुंबाच्या बाजूने आहे, परंतु ते ऐकण्यापूर्वी जेवणाविषयी वाचा. दुपारचे जेवण दोन ते साडेतीनच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊनंतर, ही वेळ पहिला आठवडा फार छळते. ‘मी मांस खात नाही’ एवढे सांगून भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी मासे आणि हॅम हे मांसात मोडत नाहीत. पहिल्याच आठवड्यात एका उपाहारगृहात मी विश्वासाने ‘सांदविच बेखेताल’ मागवले, नावात ‘भाजीचे’ असे स्वच्छ लिहिले होते, आणि आत ट्यूना मासा निघाला. तिथे ते तसेच असते. चूक माझीच होती. म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘यात हॅम आहे का, ट्यूना आहे का’ असे नाव घेऊन विचारावे.

दिलासा डाळींचा आहे. सालामांकाच्या उत्तरेला ला आर्मुञा नावाचा पट्टा मसुरासाठी प्रसिद्ध आहे, आणि घरोघरी मसूर आठवड्यातून एकदा तरी शिजतो. फक्त त्यात चोरिसो, म्हणजे लाल तिखटाचे सॉसेज, घालण्याची पद्धत आहे. मी ज्यांच्याकडे राहिलो त्या बाई माझ्यासाठी वेगळ्या लहान भांड्यात मसूर लावत. मी एका रविवारी त्याला जिरे-लसणाची फोडणी दिली, तेव्हा त्यांनी धुराबद्दल तक्रार केली आणि नंतर दोनदा वाढून घेतले. त्यांना ‘काकू’ म्हणण्याची ऊर्मी येई, म्हणून मी आदराने ‘उस्तेद’ (तुम्ही) वापरत होतो, तर त्या म्हणाल्या, मला म्हातारी करू नकोस, ‘तू’ म्हण. मराठी माणसाला हे जड जाते. मलाही महिना लागला.

माझी भाषा सुधारली ती याच स्वयंपाकघरात. वर्गात ऐकायचे असते. भांडी आवरताना मात्र उत्तर द्यावेच लागते.

वऱ्हाडी_सासू_नव्हे:

वरील मत मला पूर्ण मान्य नाही. कुटुंबात राहणे हे नशिबावर अवलंबून असते. माझ्या बहिणीला मिळालेल्या घरात बाई दिवसभर दूरचित्रवाणीसमोर बसत, बोलणे ‘जेवण मेजावर आहे’ याच्या पलीकडे जात नसे, आणि रात्री उशिरा आल्यास कपाळावर आठी असे. तिने दीड महिन्याने जागा बदलली आणि दोन स्पॅनिश विद्यार्थिनींबरोबर ‘पिसो कोम्पार्तिदो’त, म्हणजे भागीच्या घरात, गेली. ती खरी बोलू लागली तिथे.

तुम्ही दोनच पर्याय मांडले आहेत, आणि तिसरा हाच आहे. मैत्रिणींबरोबर घर घेण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. तीन पुणेकर मुली एका घरात राहिल्या, तर पाच महिने मराठीत चहा होईल आणि स्पॅनिश फक्त किराणा दुकानापुरती उरेल. आईबाबांना सांगा की मैत्रिणी त्याच गावात आहेत. जुने गाव पायी फिरण्याइतके लहान आहे, त्या दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असतील.

मुळाकाठची:

तिघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या पर्यायाचा विचारच केला नव्हता. दोन शंका उरल्या आहेत. इथून न पाहता भागीचे घर ठरवणे सुरक्षित आहे का? आणि एखाद्या विषयात नापास झाले, तर पुण्यातील श्रेयांकांचे काय होते?

खानदेशी_प्रवासी:

न पाहता पैसे पाठवू नका, हे निक्षून सांगतो. पहिले तीन-चार आठवडे विद्यापीठाच्या ओळखीतून मिळालेल्या कुटुंबात किंवा वसतिगृहात काढा आणि घर तिथे जाऊन पाहा. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, फेब्रुवारीत, खोल्या रिकाम्या होत असतात, कारण पहिल्या सत्राचे पाहुणे विद्यार्थी परततात. अशाने वरच्या वादाचाही निकाल लागेल: कुटुंब आवडले तर तिथेच राहा. फेब्रुवारीत थंडी चांगलीच बोचते, गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, म्हणून खोलीत हीटर चालतो का आणि त्याचे बिल भाड्यात धरले आहे का, हे आधी विचारा.

श्रेयांकांविषयी: विषय निश्चित होण्याआधी तुमच्या विभागप्रमुखांकडून कोणत्या विषयाच्या बदल्यात कोणता विषय धरला जाईल, हे लेखी घ्या. तिथे गुण शून्य ते दहा असतात आणि पाचला उत्तीर्ण. पण इथल्या ७० टक्क्यांशी तिथल्या सातची सरळ तुलना होत नाही, म्हणून रूपांतराचा नियमही त्याच कागदावर असावा. नापास झाल्यास फेरपरीक्षेची संधी मिळते. माझ्या ओळखीच्या एका मुलाने परतीचे तिकीट फेरपरीक्षेच्या आदल्या आठवड्याचे काढले होते, आणि स्वस्त तिकीट असल्याने ते बदलता आले नाही. तेव्हा आधी परीक्षांचे वेळापत्रक पाहा, तिकीट नंतर.

गोदातीर:

एक भर घालते. पहिल्याच आठवड्यात तिन्ही स्पॅनिश विषयांच्या शिक्षकांना भेटून, तुम्ही परदेशी विद्यार्थिनी आहात आणि तुमचा स्तर बी-१ आहे, हे सांगा. त्यांच्यासमोर बोलायची चार वाक्ये आत्ताच तयार करून आरशासमोर म्हणा, इंग्रजीतून नव्हे, मराठीतून जुळवून. लिहून इथे टाकलीत तर मी तपासून देते.